सासऱ्यांची दालचिनी : आधी साल हातात घेऊन बघा

भांडुपहून एका सूनबाईंनी विचारलं आहे. सासरे ६८ वर्षांचे, वजन ५८ किलो, मधुमेह ११ वर्षांपासून. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन चालू आहे. अडीच महिन्यांपूर्वी कुठलासा व्हिडिओ पाहून त्यांनी दालचिनीची पूड सुरू केली. सकाळी अनशापोटी एक चमचा कोमट पाण्यातून, रात्री झोपताना एक चमचा मधातून. उपाशीपोटीची साखर १६२ होती, ती १३९ वर आली. आता आप्पा म्हणतात, गोळ्या सोडून देतो, मसाल्याच्या डब्यातली वस्तू आहे, तिने काय वाईट होणार. सूनबाईंचे प्रश्न तीन: हे चालू ठेवावं का, किती घ्यावं, आणि पुडीऐवजी कॅप्सूल आणावी का.

ताई, घाईचं आधी सांगते. एकही गोळी बंद करायची नाही. पूड आजपासून थांबवा, रात्रीचा मधही. आणि आप्पांचं पुढचं रक्त द्याल तेव्हा साखरेबरोबर एसजीपीटी, म्हणजे यकृताची तपासणीही करून घ्या. डॉक्टरांना अडीच महिने काय आणि किती घेतलं ते चमच्यांच्या हिशेबात सांगा. आप्पांना काही झालंय असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या दालचिनीचं प्रमाण स्वयंपाकातल्या प्रमाणाच्या कितीतरी पुढे गेलंय.

मी २३ वर्षं दादरला आहारसल्ला देते, त्याआधी परळला एका रुग्णालयाच्या मधुमेह विभागात होते. माझ्या टेबलावर काचेच्या दोन बरण्या कायम असतात. दोन्हींत दालचिनी आहे, पण दोन वेगवेगळ्या झाडांची. दालचिनीचा विषय निघाला की मी दोन्हींतला एकेक तुकडा पेशंटच्या हातात देते आणि म्हणते, मोडून बघा. एक सहजी मोडत नाही. ती जाड, तांबूस-तपकिरी, बाहेरून खरबरीत, दोन्ही कडांनी आत वळलेली एकाच सालीची पन्हळ असते. अंगठ्याने जोर लावला तर कट्कन तुटते आणि कधी नखाखाली कपची घुसते. दुसरी फिकट, मातकट रंगाची. टोकाकडून पाहिलं तर वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळीसारखे पातळ पदर एकात एक दिसतात. दोन बोटांत दाबली की चुरा होतो. जिभेवर ठेवली तर जाडी झोंबते, पातळ आधी गोडसर लागते आणि मग सावकाश तिखटपणा येतो.

पातळ पदरांची ती सिनॅमोमम व्हेरम, श्रीलंकेची, म्हणजेच सिलोन दालचिनी म्हणून ओळखली जाणारी. जाड ती कॅशिया. तिचे चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातले भाऊबंद वेगवेगळे असले तरी आपल्या कामापुरते एका गटात धरले तरी चालतील. मुंबईत मस्जिद बंदरला, क्रॉफर्ड मार्केटला, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत नुसतं ‘दालचिनी’ म्हटलंत तर बहुतेक वेळा जाडीच पुढ्यात येते, कारण ती स्वस्त आणि वासाला दणकट. यात दुकानदाराची लबाडी असतेच असं नाही. शब्दच मुळात फारसीतल्या ‘दारचिनी’वरून आला, दार म्हणजे लाकूड, म्हणजे चीनचं लाकूड. गुजराती दुकानदार जाडीला ‘तज’ म्हणतो, आणि आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांतसुद्धा तज आणि दालचिनी यांची मानकं वेगळी दिलेली आहेत. गल्ल्यावर मात्र दोन्ही एकाच नावाने तोलली जातात. पूड झाल्यावर तर डोळ्यांनी ओळखणं जवळजवळ अशक्य.

घरात कोकणातून येणारी दालचिनी असेल तर ती तिसरी गोष्ट. रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारळी-पोफळीच्या बागेत दालचिनीची झाडं लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाचा वाणही दिला आहे, आणि ती व्हेरमच. गावची साल सफाईने वळलेली नसते, म्हणून सुरळी नीट दिसत नाही, पण साल पातळ आणि ठिसूळ असते. बागेतल्या झाडाची असेल तर खुशाल वापरा. रानातून कुणी सोलून आणलेली असेल तर नको. सह्याद्रीच्या जंगलात या कुळातली दुसरीही झाडं आहेत आणि साल वाळल्यावर जाणत्यालाही चकवा बसतो.

एवढा वेळ सालीवर घालवते आहे त्याचं कारण कुमारिन. हा नैसर्गिक सुगंधी पदार्थ आहे, कापून वाळत घातलेल्या गवताला गोडसर वास येतो तोच. व्हेरममध्ये तो नावापुरता असतो. कॅशियात भरपूर असतो, साधारण ग्रॅमला २ ते ४ मिलिग्रॅम, मालागणिक कमीजास्त. जास्त प्रमाणात, रोजच्या रोज पोटात गेला तर काही माणसांच्या यकृताला तो त्रास देतो. सगळ्यांच्या नाही. पण कुणाच्या देईल हे आधी कळायची सोय नाही. अमेरिकेत कुमारिन वेगळं काढून खाण्यात घालायला १९५४ पासून बंदी आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा ठरवली आहे ती शरीराच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम. जर्मनीत नाताळच्या दिवसांत दालचिनीची बिस्किटं घरोघरी खातात, तिथल्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २००६ मध्ये हा विषय लावून धरला. त्यांचा हिशेब असा की ६० किलोच्या माणसाने रोज कॅशियाची २ ग्रॅमपर्यंत पूड घेतली तर चिंता नाही, आणि १५ किलोच्या मुलाला अर्धा ग्रॅम.

आता आप्पांचा हिशेब मांडू. ५८ किलो म्हणजे दिवसाला ५.८ मिलिग्रॅम कुमारिन. चहाचा सपाट चमचा दालचिनी पूड भरते सुमारे अडीच ग्रॅम. दिवसाला दोन चमचे, ५ ग्रॅम. कॅशिया असेल तर मधला आकडा धरूनही १५ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या अडीचपट, तेही अडीच महिने रोज. एखाददिवशी मर्यादा ओलांडली तर बिघडत नाही, कारण ती आयुष्यभर रोज घेण्याचा विचार करून ठरवलेली असते. पण इथे रोजचंच चाललं आहे, आणि जोडीला कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी. स्टॅटिन घेणाऱ्या एका वृद्ध बाईंनी दालचिनीच्या गोळ्या सुरू केल्या आणि यकृताला तीव्र सूज आली, असं एक प्रकरण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये नोंदवलं. एका प्रकरणावरून सगळ्यांना घाबरवायचं नसतं, पण एसजीपीटी करून घ्यायला तेवढं पुरेसं कारण आहे. लघवी गडद होणं, डोळे पिवळट दिसणं, अन्नावरची वासना जाणं, मळमळ, अंगाला खाज, यातलं काही आप्पांना वाटत असेल तर तपासणीची तारीख यायची वाट बघू नका. दिलासा असा की असा त्रास बहुतेकदा दालचिनी थांबवल्यावर निवळतो.

इथे एक गोंधळ दूर करते, कारण विचारणारे नेहमी विचारतात. “कुमारिन म्हणजे रक्त पातळ करणारं ना?” नाही. गेल्या शतकात विसाच्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं रक्तस्रावाने मरू लागली, त्याचा माग काढताना पुढे कळलं की बुरशी लागलेल्या क्लोव्हरच्या गवतात कुमारिनचं डायकुमारॉल बनतं आणि ते रक्त गोठू देत नाही. त्याच धाग्यावरून वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध तयार झालं. दालचिनीतलं साधं कुमारिन ते काम करत नाही. तरीसुद्धा वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी कुठलंच चूर्ण चमच्याने सुरू करू नये, कारण त्या गोळ्यांचा तोल फार नाजूक असतो आणि यकृताशी बांधलेला असतो.

आता साखरेचं. आप्पांची साखर खरंच उतरली आहे, तेव्हा दालचिनी निरुपयोगी आहे असं त्यांना सांगायला जाऊ नका. ते ऐकणार नाहीत आणि त्यांचंही काही चुकलेलं नाही. दालचिनीची कीर्ती मुख्यतः पेशावरच्या एका प्रयोगामुळे पसरली. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. ६० मधुमेही, १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी, ४० दिवस, आणि उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी खाली. आकडे डोळे दिपवणारे होते. मग जर्मनी, हॉलंड, अमेरिका अशा अनेक ठिकाणी लोकांनी ते करून पाहिलं. कुठे थोडी उतरली, कुठे काहीच फरक नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १० प्रयोग आणि ५७७ माणसं एकत्र तपासली आणि म्हटलं की मधुमेहासाठी दालचिनी द्यावी इतका पुरावा नाही. वर्षभराने आलेल्या दुसऱ्या आढाव्यात उपाशीपोटीची साखर सरासरी २५ अंकांच्या आसपास उतरलेली दिसली, पण एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, जागची हलली नाही. मला पेशंटमध्येही नेमकं हेच दिसत आलं आहे. सकाळचा आकडा खुलतो, तीन महिन्यांचा तोच राहतो.

आणखी एक प्रयोग मला आवडतो, कारण तो आपल्या ताटाजवळचा आहे. स्वीडनमध्ये २००७ साली १४ निरोगी माणसांना ३०० ग्रॅम तांदळाची खीर दिली, एकदा साधी, एकदा ६ ग्रॅम दालचिनी घालून. दालचिनीच्या खिरीनंतर पोट उशिरा रिकामं झालं आणि जेवणानंतरची साखर कमी चढली. म्हणजे काही परिणाम असेल तर तो असा, जेवणासोबत घेतली तर. अनशापोटी घेण्यात विशेष अर्थ नाही. आणि ६ ग्रॅम कॅशिया रोज घ्यायची तर यकृताचा हिशेब वर मांडलाच आहे.

मग आप्पांची साखर कशाने उतरली? मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नाही: दालचिनी सुरू केलीत, त्या दिवशी बंद काय झालं?

काही वर्षांपूर्वी बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे येत. त्यांचंही असंच, दालचिनीचं पाणी, आणि साखर १७० वरून १४०. त्यांनी सांगितलं, बंद काहीच नाही, उलट वाढवलंय. मी म्हटलं, सकाळी उठल्यापासून सांगा. पाच वाजता उठतात. आधी उठल्याउठल्या दोन चमचे साखरेचा चहा आणि चार खारी. आता दालचिनीचं पाणी. त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही असं व्हिडिओत सांगितलेलं, म्हणून मैदानावर तीन फेऱ्या. परत येईपर्यंत पोहे तयार, मग खारी राहूनच जाते. त्यांनी हे सगळं सांगितलं आणि स्वतःच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी आलेला आनंद मला आजही आठवतो, कारण साखर त्यांनी स्वतः उतरवली होती आणि ते त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी पुढे पाणी सोडलं, फेऱ्या सोडल्या नाहीत.

तुमच्या घरीही हे बघा. आप्पांना चौकशी वाटेल असं विचारू नका, फक्त त्यांची अडीच महिन्यांपूर्वीची सकाळ आणि आताची सकाळ शेजारी शेजारी मांडा.

गोळ्या बंद करण्याबद्दल थोडं कडक बोलते. १३९ हा आकडा गोळ्या पोटात असताना आलेला आहे. तो दालचिनीच्या खात्यात जमा करून गोळ्या काढून टाकल्या की काय होतं, ते मी पाहिलं आहे. पहिला आठवडा माणूस खूश असतो, तिसऱ्या आठवड्यात रात्री चार वेळा लघवीला उठतो. उलट बाजूचाही धोका आहे आणि तो जास्त घाईचा. ग्लिमेपिराइड ही साखर खाली ओढणारीच गोळी आहे, पोटात अन्न असो नसो. ती घेऊन माणूस चूर्ण पिऊन अर्धा-पाऊण तास उपाशी बसला, त्यात संकष्टी किंवा एकादशी आली, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी. आप्पांना हे झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ रुग्णालय. उपवासाच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना आजच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मधाबद्दल एकच वाक्य पुरे झालं असतं, पण दालचिनी-मध हे जोडनाव इतकं रुळलं आहे की हिशेब दिलेला बरा. एक चहाचा चमचा मध म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, त्यात जवळजवळ ६ ग्रॅम साखरच. आप्पा साखर उतरवण्यासाठी झोपताना साखर खातायत. शिवाय कोरडी पूड मधात कालवून चाटताना ती टाळूला चिकटते. दालचिनीचा झोंबरेपणा सिनामाल्डिहाइडमुळे येतो आणि काहींच्या तोंडात त्याने चट्टे उठतात. गिरगावच्या एक आजी तोंड आलंय म्हणून चार महिने बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या खात होत्या. चाटण थांबवलं आणि दोन आठवड्यांत भाकरी-ठेचा खायला लागल्या. वयस्क माणसाने कोरडी पूड चमच्याने तोंडात टाकणं तर अगदीच टाळावं. ठसका लागून ती श्वासनलिकेत गेली तर फुप्फुसाला इजा होते.

आप्पा म्हणतील, आयुर्वेदात आहे. आहेच. त्वक् या नावाने आहे, वेलची आणि तमालपत्राबरोबर त्रिजातात आहे, नागकेशर मिळवून चातुर्जातात आहे. पण प्रमाण बघा. घरोघरी खोकल्यावर देतात ते सितोपलादि चूर्ण घ्या. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १. एकूण ३१ भागांत दालचिनीचा एक. ३ ग्रॅम चूर्ण दिलं तर त्यात दालचिनी जेमतेम ०.१ ग्रॅम. (याच चूर्णात निम्म्याहून जास्त खडीसाखर आहे, हेही मधुमेह्यांनी ध्यानात ठेवायला हवं.) वैद्य नुसतं त्वक् चूर्णही देतात, त्याहून मोठ्या मात्रेत, पण ते माणसाची प्रकृती, ऋतू आणि पित्त बघून, ठरावीक दिवसांसाठी. उष्ण द्रव्य आहे ते. ऑक्टोबरच्या मुंबईत रोज दोन चमचे घ्या असं कुठला वैद्य सांगेल असं मला वाटत नाही. व्हिडिओवाल्याने आयुर्वेदातून नाव घेतलं आणि मात्रा वाऱ्यावर सोडली.

आपल्या स्वयंपाकाला मात्र यातलं काही लागू नाही. मालवणी मसाल्याला किलोभर मिरचीमागे पंचवीस-पन्नास ग्रॅम दालचिनी पडते, आणि तो मसाला घर वर्षभर खातं. मसालेभातात दोन इंचाचा तुकडा घातला तर तो चौघांत वाटला जातो आणि वर साल ताटाच्या कडेला काढून ठेवली जाते. हे वाचून कुणी गोड्या मसाल्यातली दालचिनी काढू नका, मला फार वाईट वाटेल.

तयार पुडीबद्दल मला वेगळी काळजी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांतून शेकडो मुलांच्या रक्तात शिसं गेलं. ते शिसं त्यातल्या दालचिनीच्या पुडीत होतं, लेड क्रोमेट या पिवळ्या रंगाच्या रूपात, बहुधा वजन आणि रंग वाढवायला मिसळलेलं. त्यानंतर २०२४ पासून तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने बाजारातल्या दालचिनी पुडीच्या अनेक पाकिटांत शिसं जास्त सापडल्याचे इशारे वारंवार दिले. पूड झाली की तिच्यात काय काय मिसळलंय ते दिसत नाही आणि रोज चमच्याने खाल्लं तर थोडंथोडकंही साचत जातं. म्हणून साल आणायची, ओल्या फडक्याने पुसायची, उन्हात किंवा तव्यावर नुसती कोमट करायची आणि महिन्याला पुरेल इतकीच घरी कुटायची. सिलोनची साल मिक्सरच्या छोट्या भांड्यात सहज निघते. जाडीने पातं बोथटतं, तिला लालबागच्या डंकावरच न्यावं लागतं, आणि कोणती आणली ते तिथेच कळून चुकतं.

कॅप्सूल आणू नका. पेटीवर ‘दालचिनी अर्क ५०० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, पण कुठल्या झाडाची आणि किती सालीचा अर्क, हे बऱ्याचदा नसतं. लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव आणि कुमारिनचं प्रमाण नसेल तर ती पेटी तशीच परत ठेवा. अर्क म्हणजे एकवटलेली वस्तू. स्वयंपाकातली मापं तिथे चालत नाहीत. दालचिनीचं तेल तर पोटात घ्यायचंच नाही.

आता तुमचा मधला प्रश्न, किती. आधी एसजीपीटी बघू. ती नीट असेल आणि आप्पांना हवीच असेल, तर पातळ पदरांची, सिलोन म्हणून मागून घेतलेली साल. दिवसाला १ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव ते तिसरा भाग. दुपारच्या जेवणातल्या ताकात, किंवा संध्याकाळच्या बिनसाखरेच्या चहात अर्ध्या इंचाचा तुकडा उकळून. कॅशियाच घरात असेल तर आठवड्यातून दोन-तीन वेळा, एवढीच. एसजीपीटी वाढलेली निघाली तर अजिबात नाही, पुढचं डॉक्टर सांगतील. घरात कुणी गरोदर असेल, कुणाला कावीळ होऊन गेलेली असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर त्यांच्यासाठी फक्त भाजी-आमटीतली. आणि आप्पांची मोतीबिंदूची वा दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, तर आधी डॉक्टरांना ही यादी वाचून दाखवा.

शेवटी आप्पांशी बोलायचं कसं. ११ वर्षं माणूस दुसऱ्यांनी लिहून दिलेल्या गोळ्या खातो. दालचिनी ही त्यांची स्वतःची निवड आहे, त्यांनी स्वतः आणली, स्वतः मोजली, आणि आकडा उतरला. ती हातातून काढून घेतलीत तर ते लपून घेतील. मी तसे डबे कपाटातल्या शर्टांमागे सापडलेले पाहिले आहेत. त्यापेक्षा हा प्रयोग त्यांच्याच हाती द्या. एक वही, ग्लुकोमीटर, आणि चार आठवडे, तपासणी नीट आल्यावर सुरू करायचे. पहिले दोन आठवडे दालचिनी नाही, पण सकाळचा नाश्ता, चहा आणि चालणं आताच्यासारखंच ठेवायचं. पुढचे दोन आठवडे सगळं तेच, फक्त दुपारी १ ग्रॅम सिलोन. दर एक दिवसाआड उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजून वहीत लिहायचं, शेजारी काय खाल्लं तेही. गोळ्या चारही आठवडे जशाच्या तशा. आकडे त्यांनीच बघायचे, निष्कर्ष त्यांनीच काढायचा.

आजपासून तीन महिने पुरे होतील तेव्हा एचबीए१सी करा. ही तपासणी रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून त्याआधी केलेली तपासणी पुरतं चित्र दाखवत नाही. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या, आणि आतापर्यंत जी पूड घेत होते ती छोट्या डबीत, आणि ज्या सालीची केली तिचा एक तुकडा शिल्लक असेल तर तोही. आणि आप्पांना बरोबर घेऊन जा, वही त्यांनाच उघडून दाखवू द्या.